गोळ्या आत राहिल्या

चार वर्षांच्या त्या मुलीच्या मानेला गाठी आल्या होत्या. संध्याकाळ झाली की अंगात कसर यायची, आणि महिनाभरात पोर वाळून गेली होती. तालुक्याच्या रुग्णालयात क्षयरोगाचं निदान झालं आणि दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल काढून तिच्या घरी गेलो. लहान मूल हा आजार सहसा बाहेरून आणत नाही. घरातलंच कुणीतरी मोठं माणूस खोकत असतं, आणि त्याला शोधायचं असतं. क्षयरोग विभागात वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी याच शोधाशोधीत गेली.

घरात आजी होती, मुलीची आई होती आणि आतल्या खोलीत मामा होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, फासळ्या मोजता येतील असा. खोकला किती दिवसांचा, असं विचारलं तर म्हणाला, "लई दिवसांचा." याआधी कुठं तपासलं होतं का? त्याने आपल्या म्हाताऱ्या आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. मग तो म्हणाला, "जेलात तपासलं होतं. टीबी निघाला. गोळ्या चालू होत्या." किती खाल्ल्या? "दोन महिने आन् वर थोडे दिवस." मग सोडल्या का? "म्या नाही सोडल्या. जामीन झाला. सांजच्याला नाव पुकारलं, कपड्याची पिशवी उचलली आन् भाईर आलो. गोळ्या आत राहिल्या, साहेब."

त्यानंतर चार महिने तो त्या घरात खोकत होता. भाची त्याच्याच अंगाखांद्यावर खेळत होती.

या गोष्टीत मला कुणाला खलनायक करायचं नाही. उलट, जेलमध्ये त्याचा आजार सापडला हे चांगलंच झालं. गावात असता तर कदाचित आणखी वर्षभर तो खोकल्याचं औषध पीत बसला असता. तिथल्या डॉक्टरांनी थुंकी तपासली, औषध सुरू केलं, रोज गोळ्या दिल्या. सरकारने त्याच्यासाठी दोन महिने जे केलं ते नीट केलं. मग एका संध्याकाळी जामिनाचा कागद आला आणि तो दाराबाहेर पडला. त्या क्षणी सरकारच्या लेखी तो रुग्ण राहिला नाही. क्षयरोगाच्या सहा महिन्यांच्या उपचारात दोन महिन्यांनी गोळ्या तोडणं हे उपचार न करण्यापेक्षाही घातक ठरू शकतं. आजार दबतो, मरत नाही, आणि परत उसळतो तेव्हा औषधांना न जुमानणारा होऊन उसळण्याची भीती असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुरुंगात सुरू झालेल्या उपचारामागे सरकारचा पैसा तुरुंगाच्या दारापाशी थांबता कामा नये. तो त्या माणसाबरोबर त्याच्या गावापर्यंत गेला पाहिजे. दया म्हणून मी हे मागत नाही. माणूस कोठडीत असतो तेव्हा त्याच्या शरीराचा पूर्ण ताबा सरकारकडे असतो. त्याला दुसरा डॉक्टर गाठता येत नाही, मेडिकलमधून गोळी आणता येत नाही, घरच्यांना दवाखान्यात न्या म्हणता येत नाही. कुठली गोळी, कधी आणि किती, हे सरकारच ठरवतं. एखाद्याच्या शरीराचा असा पूर्ण ताबा ज्याने घेतला, त्याला तो सोडतानाही हिशेब द्यावा लागतो.

काही वर्षांपूर्वी एका बैठकीत मी हा विषय काढला होता. समोरचे अधिकारी मनाने चांगले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं पटतंय मला, पण याला हेड कुठलं लावायचं?" त्यांनी टाळाटाळ केली नाही. सरकारी कामात लेखाशीर्ष, म्हणजे खर्च टाकायचं ठरलेलं खातं, नसेल तर एक रुपयाही हलत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. कारागृहं गृह विभागाकडे आहेत, दवाखाने सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. माणूस आत असेपर्यंत गृह विभाग त्याचा खर्च करू शकतो. तो गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन केसपेपर काढतो तेव्हा आरोग्य विभाग त्याचा खर्च करू शकतो. या दोन जागांच्या मधल्या दिवसांना लेखाशीर्षच नाही. आणि माणसं हरवतात ती नेमकी याच दिवसांत.

क्षयरोगाचं मी बोलतो कारण ते माझं काम. पण जेलच्या दवाखान्यात रांगेत उभी असलेली माणसं आठवून पाहा. एचआयव्हीची गोळी आयुष्यभर, रोज, न चुकता घ्यायची असते. ती थांबली की विषाणू पुन्हा वाढतो. फेफऱ्याचं औषध एकदम तुटलं तर झटक्यावर झटके येऊन माणूस दगावू शकतो, आणि असे झटके विहिरीच्या काठावर किंवा चुलीपुढेही येतात. इन्सुलिनवरच्या माणसाला थंड जागा लागते, सुई लागते. आणि मनाचे आजार. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण जेलमध्ये गोळ्या घेऊन शांत असतो, बाहेर आल्यावर गोळ्या संपतात, महिन्या-दीड महिन्यात पुन्हा आवाज ऐकू येऊ लागतात, गावात भांडण होतं, आणि पोलीस त्याला परत घेऊन जातात. मग लोक म्हणतात, याची सवय जात नाही.

महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. येरवड्याचं मध्यवर्ती कारागृह आणि येरवड्याचं मनोरुग्णालय तर एकाच उपनगरात आहेत. आतल्या रुग्णाला तिथल्या तज्ज्ञाचा सल्ला मिळू शकतो. पण तोच माणूस सुटून नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या पाड्यावर गेला, तर त्याची चिठ्ठी वाचणारा माणूस किती डोंगर ओलांडल्यावर भेटेल? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, पण तिथवर जायला एक दिवसाची मजुरी आणि दोन गाड्यांचं भाडं लागतं. सोबत जायला कुणी तयार लागतं. आणि हातात कागद लागतो. कागद तर जेलच्या फायलीत असतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये एक चांगली तरतूद आहे. मनोरुग्णालयातून रुग्णाला घरी सोडताना पुढच्या उपचाराची आखणी त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून करायची, असं कलम ९८ सांगतं. म्हणजे दवाखान्यातून सुटणाऱ्या माणसाचं पुढे काय, याचा विचार आपल्या कायद्याने केलेला आहे. तोच आजार घेऊन तुरुंगातून सुटणाऱ्याच्या वाट्याला मात्र प्रत्यक्षात तेवढीही आखणी क्वचितच येते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला चोविसावा नियम याबाबत स्पष्ट आहे. कैद्यांचं आरोग्य ही राज्याची जबाबदारी, आणि तुरुंगातली सेवा बाहेरच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेशी अशी जोडलेली हवी की एचआयव्ही, क्षयरोग, इतर संसर्गजन्य रोग आणि व्यसन यांच्या उपचारात खंड पडणार नाही. कारावासात क्षयरोगाचं प्रमाण बाहेरच्या समाजापेक्षा साधारण दहापट असतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जिथे आजार सर्वांत दाट आहे, तिथूनच माणसं आपण कुणाला न कळवता बाहेर सोडतो.

"सरकारी दवाखाने फुकट तर आहेत, मग वेगळा पैसा कशाला?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आणि तो रास्त आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सगळ्या कुटुंबांना लागू झाली, विम्याची रक्कम पाच लाखांवर गेली. हे मोठे निर्णय आहेत आणि त्यांचा फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण विमा योजना मुख्यतः दवाखान्यात भरती झालेल्याचा, शस्त्रक्रियेचा खर्च उचलतात. रोजच्या रक्तदाबाच्या, फेफऱ्याच्या, मनाच्या आजाराच्या गोळीला त्यांचा उपयोग नाही. त्यासाठी भरती होण्याइतकं आजारी पडावं लागतं. शिवाय योजनेला रेशनकार्ड लागतं, ओळखपत्र लागतं. दोन-तीन वर्षं आत काढून आलेल्या कितीतरी जणांचं नाव मधल्या काळात कार्डावरून कमी झालेलं असतं, आधारकार्ड जप्तीच्या मुद्देमालात किंवा वकिलाकडे पडलेलं असतं.

आणि गोळी फुकट असली तरी गोळीपर्यंतचा रस्ता फुकट नसतो. सुटून आलेल्याला पहिल्या आठवड्यात काय काय करायचं असतं? तारखेला हजर राहायचं, पोलीस ठाण्यात हजेरी लावायची, जामीनदाराचे उपकार फेडायचे, काम शोधायचं, बायको माहेरी गेली असेल तर तिला आणायचं, गावकऱ्यांच्या नजरा सोसायच्या. त्यात दवाखान्यात जाऊन "मी जेलमधून आलो, माझ्या गोळ्या चालू होत्या" असं चारचौघांत सांगायचं. मी कितीजणांना पाहिलं आहे, जे खोकत घरी बसले पण हे वाक्य बोलायला रांगेत उभे राहिले नाहीत. बायकांची गत तर आणखी वाईट. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर आत राहू शकतं. ती आई सुटते तेव्हा सासरचं दार बंद असतं, माहेरचं अर्धवट उघडं, आणि तिच्याबरोबर मुलाचंही लसीकरण, वजन, औषध सगळं तुटतं.

म्हणून पैसा हवा आहे तो मुख्यतः गोळीसाठी नाही. गोळी आणि माणूस यांच्या मधे उभ्या राहणाऱ्या एका माणसासाठी हवा आहे.

या प्रश्नावर पैशाच्या बाजूने सर्वांत नेटाने विचार झाला तो अमेरिकेत, आणि तोही खूप उशिरा. तिथे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना मेडिकेड १९६५ मध्ये सुरू झाली तेव्हाच कायद्यात लिहिलं होतं की तुरुंगात असलेल्या माणसावर या योजनेतून खर्च करायचा नाही. माणूस आत गेला की त्याचं संरक्षण थांबायचं, सुटला की पुन्हा अर्ज करून मिळवायचं. मधले आठवडे तो उघडा. त्याचा परिणाम काय होतो हे वॉशिंग्टन राज्यातल्या एका अभ्यासाने २००७ मध्ये दाखवलं. ३० हजारांहून अधिक सुटलेल्या कैद्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या १२.७ पट आढळला. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका तर १२९ पट. आत असताना शरीराची सवय मोडते आणि बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मात्रेवर जातो, म्हणून. ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने २०१६ पासून तुरुंगातच व्यसनमुक्तीची औषधं द्यायला आणि सुटल्यावर तीच बाहेरच्या दवाखान्यात चालू ठेवायला सुरुवात केली. वर्षभरात नुकत्याच सुटलेल्यांचे अतिसेवनाचे मृत्यू ६१ टक्क्यांनी उतरले.

जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला पहिल्यांदा परवानगी मिळाली की सुटकेच्या आधीच्या ९० दिवसांत मेडिकेडचा पैसा तुरुंगाच्या आत जाऊ शकतो, आणि माणूस बाहेर पडताना त्याच्या हातात औषधं असली पाहिजेत. त्याच वर्षी तिथल्या केंद्र सरकारने इतर राज्यांसाठीही मार्ग आखून दिला आणि त्यात ३० दिवसांच्या औषधांची अट घातली. सॅन फ्रान्सिस्कोत २००६ पासून चालणाऱ्या ट्रान्झिशन्स क्लिनिकची एक गोष्ट मला फार भावते. तिथे सुटून आलेल्यांना दवाखान्यापर्यंत आणण्याचं काम स्वतः कधीकाळी तुरुंग पाहिलेले आरोग्यसेवक करतात.

हे वाचून आपल्याकडेही "सुटकेआधी ९० दिवस" अशी योजना आणा म्हणणारे भेटतात. माझं त्यांच्याशी पटत नाही. अमेरिकेच्या राज्य तुरुंगातला माणूस शिक्षा भोगत असतो, त्याची सुटकेची तारीख बऱ्यापैकी माहीत असते. आपल्या तुरुंगात भरलेली माणसं वेगळी आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन, आपल्या भाषेत कच्चे कैदी. चारांतले तीन. त्यांच्या सुटकेची तारीख कुणालाच माहीत नसते. जामीन आज होईल किंवा वर्षाने होईल. कागद सकाळी येईल किंवा संध्याकाळी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम ४७९ ने तर पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यांना, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत गेल्यावर सोडायला सांगितलं आहे. ही न्यायाची गोष्ट आहे आणि ती झालीच पाहिजे. पण त्याचा अर्थ अचानक सुटणारी माणसं वाढणार. त्यांच्यासाठी ९० दिवस आधीची आखणी कुठून करणार?

आपल्याकडे तयारी सुटकेच्या दिवसापासून मागे मोजून चालणार नाही. ती आत गेल्याच्या दिवसापासून सुरू व्हायला हवी. आत जाताना जी वैद्यकीय तपासणी होते, त्याच वेळी विचारावं: बाहेर कुठल्या दवाखान्यातून औषध घेत होतास? सुटल्यावर कुठल्या गावी जाणार? गावातल्या कुणाला कळवलेलं चालेल? आणि दीर्घ आजाराच्या प्रत्येक बंद्याची एक पिशवी कायम तयार ठेवावी: ३० दिवसांच्या गोळ्या, साध्या मराठीत लिहिलेला एक कागद, आणि पुढच्या दवाखान्याचं नाव. गोळ्या बदलल्या की पिशवी बदलायची. नाव पुकारलं की कपड्यांबरोबर ती हातात. शिक्षा संपून सुटणाऱ्याला घरापर्यंतचं गाडीभाडं द्यायचं, हा नियम आपल्या कारागृहांत जुना आहे. म्हणजे दाराबाहेरचीही काही जबाबदारी आपली आहे हे सरकारने केव्हाच मान्य केलेलं आहे. त्या भाड्याच्या शेजारी ही पिशवी ठेवा, एवढंच मी म्हणतो.

वेळ मिळत नाही ही तक्रारही पूर्ण खरी नाही. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाच्या आदेशाची प्रत न्यायालयाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला पोहोचवावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. गरिबाच्या बाबतीत आदेश झाल्यावर जामीनदार मिळून कागदपत्रं होईपर्यंत बहुतेक वेळा काही दिवस जातात, कधी कितीतरी आठवडे. हा त्याच्यावरचा अन्यायच आहे, पण त्या दिवसांत गोळ्यांची सोय तरी करता येते. अधीक्षकांना येणारा तो ईमेल कारागृहाच्या दवाखान्यालाही जावा. याला खर्च शून्य आहे.

खर्च आहे तो पुढच्या तीन महिन्यांचा, आणि त्यासाठीचं लेखाशीर्ष मला सार्वजनिक आरोग्य विभागात हवं आहे, गृह विभागात नको. गृह विभागाचा माणूस सुटलेल्याच्या दारात गेला तर तो उपचाराला आला की चौकशीला, हे गावाला कळणार नाही आणि रुग्ण लपून बसेल. इंग्लंडमध्ये तुरुंगांतल्या आरोग्याची जबाबदारी २००६ पर्यंत तुरुंग खात्याकडून राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेली ती याच विचाराने, की आत आणि बाहेर डॉक्टरची यंत्रणा एकच असावी. आपल्या राज्यघटनेत तुरुंग आणि सार्वजनिक आरोग्य दोन्ही विषय राज्याच्या यादीत आहेत. दिल्लीची वाट पाहण्याचं कारण नाही. येरवडा, आर्थर रोड, ठाणे, तळोजा, नाशिकरोड, हर्सूल, नागपूर, अमरावती, कळंबा, या मध्यवर्ती कारागृहांपासून सुरुवात करता येईल. प्रत्येक ठिकाणी आरोग्य विभागाच्या पगारावर दोन माणसं. त्यांचं काम सुटणाऱ्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला फोन करणं, पहिल्या भेटीचं भाडं देणं, आणि तो पोहोचला नाही तर शोधायला लावणं. अशी माणसं आकाशातून आणावी लागणार नाहीत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून महाराष्ट्रात कोठडीतल्या आणि सुटलेल्या माणसांबरोबर काम करतो आहे. हे काम कसं करायचं ते राज्याला शिकवणारे लोक राज्यातच आहेत. शिवाय सुटून आलेल्यांपैकीही काहीजण यात घ्यावेत, असं मला मनापासून वाटतं. जेलातून आलेला माणूस जेलातून आलेल्याचं ऐकतो.

पैसा देताना एक चूक टाळायला हवी. केंद्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांसाठी वर्षाला २० कोटींची योजना आणली. जामिनाची किंवा दंडाची रक्कम भरता येत नाही म्हणून आत अडकलेल्यांना कच्च्या कैद्यासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत, अशी तिची सुरुवात होती. कल्पना उत्तम. तुरुंगाच्या दाराची किल्ली पैशात अडकली असेल तर सरकार ती सोडवेल, हे तत्त्व तिने मान्य केलं. पण प्रत्येक प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे, मग कागद, मग मंजुरी. राज्यांकडून योजनेचा पुरेसा वापर होत नाही म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाला पुन्हा पुन्हा पत्रं लिहावी लागली. फेफऱ्याची गोळी समितीची बैठक होईपर्यंत थांबत नाही. हा निधी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीने खर्च झाला पाहिजे, आणि हिशेब नंतर तपासला पाहिजे. क्षयरोगात आपण हे करून दाखवलेलं आहे. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात थेट पैसे जातात, २०१८ मध्ये महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीवर, एका ठिकाणचा रुग्ण दुसऱ्या ठिकाणी पाठवायची सोय आहे. माझ्या त्या रुग्णाची नोंदही अशी पाठवता आली असती. ती पाठवणं हे कुणाचंच नेमून दिलेलं काम नव्हतं.

आता तो प्रश्न, जो लोक दबक्या आवाजात विचारतात आणि काहीजण मोठ्याने: प्रामाणिक माणूस रांगेत उभा असताना गुन्हेगारावर पैसा का? मी गावोगाव फिरलेला माणूस आहे, हा राग मला कळतो. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याच्या मुलीला त्रास दिला गेला, त्याला हे ऐकवणं सोपं नाही. तरीही सांगतो. पहिली गोष्ट, चारांतल्या तिघांचा गुन्हा सिद्ध झालेलाच नाही. त्यातले कितीतरी शेवटी निर्दोष सुटतील. त्यांना आपण आजार दिला असेल आणि उपचार तोडला असेल, तर देणेकरी आपण आहोत. दुसरी, ज्याचा गुन्हा सिद्ध झाला त्याला न्यायालयाने वर्षं दिली. क्षयरोग दिला नाही, फेफरं दिलं नाही. शिक्षा किती, हे न्यायाधीश ठरवतात. गोळ्या तोडून आपण तिच्यात भर घालायची नाही. तिसरी गोष्ट मी त्या चार वर्षांच्या मुलीसाठी सांगतो. तिने कुणाचं काय चोरलं होतं?

वेगळा दवाखाना, वेगळी खाट, वेगळी रांग मी मागत नाही. उलट, सुटलेला माणूस गावच्याच आरोग्य केंद्रात, गावच्याच रांगेत उभा राहावा असंच मला हवं आहे. त्या रांगेपर्यंत तो जिवंत आणि कागद हातात घेऊन पोहोचावा यासाठी हा पैसा.

कारागृहात मृत्यू झाला तर २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं. २०२२ मध्ये देशभरात कोठडीत १,९९५ बंद्यांचे मृत्यू नोंदले गेले, त्यातले १,७७३ नैसर्गिक, म्हणजे मुख्यतः आजाराने झालेले. प्रत्येकाची चौकशी होते, निदान कागदावर. पण तोच माणूस सुटल्यावर चौथ्या दिवशी घरी वारला तर ती नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये इतर मृत्यूंसारखी होते आणि संपते. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या खटल्यात तुरुंगात असलेले दिल्ली विद्यापीठातले प्रा. जी. एन. साईबाबा यांना मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निर्दोष ठरवलं. ९० टक्के अपंगत्व घेऊन ते नागपूरच्या कारागृहातून बाहेर आले आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हैदराबादेत रुग्णालयात वारले. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत हे कारण सांगितलं गेलं आणि त्यावर इथे मला भाष्य करायचं नाही. त्यांच्यामागे मित्र होते, वकील होते, मोठं रुग्णालय होतं, आणि सगळ्या देशाने बातमी वाचली. ज्यांच्यामागे यातलं काहीच नसतं, त्यांची मोजदाद करायची म्हटली तर सुटलेल्या प्रत्येक रुग्णाला ३०, ६० आणि ९० दिवसांनी एक फोन करायचा आणि तो कसा आहे हे लिहून ठेवायचं. या निधीतून पहिला रुपया मी त्या फोनवर खर्च करेन.

त्या घरातल्या दोघांचे उपचार पूर्ण झाले. मामाची थुंकी पुन्हा तपासली. नशिबाने साध्या औषधांना दाद देणारा आजार होता, पण सहा महिने पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजावे लागले. भाचीच्या गाठी हळूहळू विरल्या. दोघांच्या गोळ्या गावच्या आशाताईंनी रोज समोर उभं राहून दिल्या, एक दिवस चुकवला नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना गोळ्यांचा डबा द्यायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तो आल्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं. आजारी आहे हे कुणी सांगितलंच नाही." त्यांचं घर त्याच्या घरापासून चौथं.